खातं काढून टाकायचंय, पण पत्रं कुठे आहेत?

नागपूरच्या मस्कासाथेत माझ्या मामांचं मिरचीचं ठोक दुकान आहे. मुनीमजींच्या टेबलावरचा संगणक रोज सकाळी सुरू झाला की पडद्यावर एक चौकट उगवते आणि एका जुन्या ईमेल खात्याचा पासवर्ड मागते. कितीही वेळा टाका, चूकच म्हणते. ज्या कंपनीने इंटरनेट जोडणीसोबत ते खातं दिलं होतं तिने ती सेवा कधीच गुंडाळली आहे. परवा मामा वैतागून म्हणाले, "हे काढून टाक ना एकदाचं. डोकं खाऊन राहिलं."

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये खातं काढायला मिनिटभरही लागत नाही. तरी मी आधी त्या खात्यात काय आहे ते पाहिलं. २००८ पासूनचे सौदे होते. बिल्ट्यांचे (माल पाठवल्याच्या पावत्यांचे) स्कॅन, गुंटूरच्या आडत्यांची पत्रं, नमुन्यांवरून झालेली भांडणं आणि ती मिटवणारी उत्तरंही होती. अलीकडचं काही त्यात नव्हतं, पण जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. शिवाय व्यापाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचा शब्दही कधी लागेल ते सांगता येत नाही.

ईमेलच्या प्रोग्रॅममधलं 'खातं' म्हणजे खरं तर चार नोंदी: सर्व्हरचं (म्हणजे कंपनीच्या टपाल सांभाळणाऱ्या संगणकाचं) नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि पोर्टचा, म्हणजे त्या संगणकाच्या कोणत्या दारातून आत जायचं त्याचा, क्रमांक. पत्रं ही त्याहून वेगळी वस्तू. खातं काढलं की या नोंदी जातात. पत्रांचं काय होतं, हे ती कुठे राहत होती यावर ठरतं, आणि त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या दोन पद्धतींत आहे.

पहिली पद्धत पॉप, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. तिचा पहिला आराखडा १९८४ चा, आणि आज चालते ती तिसरी आवृत्ती, पॉप-३, १९८८ ची. तेव्हा संगणक सदासर्वकाळ जाळ्याला जोडलेले नसत आणि सर्व्हरवरची जागा महाग होती. म्हणून पद्धत अशी ठरली: जोडणी करा, आलेली पत्रं उतरवून घ्या, सर्व्हरवरची पुसा, जोडणी तोडा. टपाल खात्याची भाड्याची टपाल पेटी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे लगेच कळेल. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत जायचं, किल्लीने पेटी उघडायची, पत्रं पिशवीत भरायची. पेटी रिकामी झाली की टपाल खात्याचं काम संपलं. पुढे पिशवी हरवली तर ती तुमची हरवली.

दुसरी पद्धत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिची कल्पना उलटी आहे. पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि तुमचा संगणक ही फक्त त्यांच्याकडे पाहायची खिडकी असते. इथे एक पत्र वाचलं की फोनवरही ते 'वाचलेलं' दिसतं, कारण ती खूण सर्व्हरवरच्या मूळ पत्राला लागते. वेगासाठी संगणक एक प्रत जवळ ठेवतो, पण ती केवळ सोयीची प्रत. अशा खात्याच्या नोंदी काढल्या तर खिडकी बंद होते, आतली पत्रं जागच्या जागी राहतात.

म्हणजे आयमॅप सुरक्षित आणि पॉप धोक्याचं, असा सरळ हिशेब मांडावासा वाटतो. मीही काही वर्षांपूर्वी तसाच मांडला होता. एका ओळखीच्या गृहस्थांच्या कार्यालयात आयमॅपचं खातं काढायचं होतं. जाता जाता जागा मोकळी करू म्हणून मी आधी इनबॉक्समधली सगळी पत्रं निवडून पुसली, कचरापेटीही रिकामी केली आणि मग खातं काढलं. खातं काढणं निरुपद्रवी होतं. घात केला तो पुसण्याने. खिडकीतून हात घालून मी आतली मूळ पत्रंच फाडली होती, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या फोनवरूनही ती नाहीशी झाली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारणही तेच आहे.

पॉपच्या बाजूला एक खाच आहे, जी अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी सोय पॉपमध्ये असते. मायक्रोसॉफ्टच्या क्लासिक आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममध्ये तिच्याच खाली १४ दिवसांनी प्रत काढण्याची सूचनाही असते, आणि ती आपोआप चालू असलेली मी पाहिली आहे. समजा हे सगळं नीट लावलं आणि प्रत कायमची ठेवली. तरी ती फक्त आलेल्या पत्रांची. तुम्ही पाठवलेल्या पत्रांचं काय? पत्र पाठवण्याचं काम पॉप करतच नाही. ते एसएमटीपी या १९८२ पासूनच्या वेगळ्या पद्धतीने होतं, आणि तिचं काम पत्र पुढे ढकलण्यापुरतंच. जीमेलसारख्या काही सेवा पाठवलेल्या पत्राची प्रत स्वतःहून ठेवतात, पण पुष्कळ ठिकाणी ती एकमेव प्रत तुमच्या संगणकातच असते. व्यापारात आपण काय लिहून दिलं होतं ते समोरच्याने काय लिहिलं याइतकंच मोलाचं असतं.

आपलं खातं कोणत्या जातीचं, हे खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या प्रकारापुढे लिहिलेलं असतं. नसेल सापडत तर पोर्ट पाहा: ११० किंवा ९९५ असेल तर पॉप, १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप. मामांचं ९९५ निघालं. सेवा तर केव्हाच बंद. म्हणजे या सगळ्या पत्रांची जगातली एकमेव प्रत त्या मिरचीच्या धुळीने माखलेल्या डब्यात होती.

ती तिथे कशी असते, हे पाहण्यासारखं आहे. थंडरबर्ड आपलं सामान एका प्रोफाइल फोल्डरमध्ये ठेवतो. त्यात 'मेल' नावाच्या फोल्डरमध्ये पॉपची पत्रं आणि 'आयमॅपमेल' मध्ये आयमॅपच्या प्रती असतात. नेहमीच्या मांडणीत एका कप्प्यातली सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक चिकटवलेली असतात. युनिक्सच्या काळापासून चालत आलेल्या या मांडणीला एमबॉक्स म्हणतात. 'इनबॉक्स' नावाची जी फाइल दिसते, जिच्या नावापुढे टिंब आणि शेपूट नसतं, तीच पत्रांची. शेजारची 'एमएसएफ' शेपटीची छोटी फाइल ही नुसती अनुक्रमणिका. ती गेली तर प्रोग्रॅम पुन्हा तयार करतो. पत्र 'डिलीट' केलं तरी फाइल आटोपशीर करण्याची क्रिया होईपर्यंत त्याचा मजकूर तिथेच पडून असतो, म्हणून चुकून काही पुसलं असेल तर त्या वेळी थंडरबर्डला 'कॉम्पॅक्ट' करू देऊ नये.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात मात्र गोळा येतो. इंग्रजी पत्रं वाचता येतात आणि मराठीच्या जागी बऱ्याचदा अर्थहीन रोमन अक्षरांची माळ दिसते. फाइल बिघडलेली नसते. ईमेलची वाहतूक मुळात इंग्रजी अक्षरांपुरती बांधली गेली होती. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही व्यवस्था मांडली, तेव्हा इतर लिप्या आणि चित्रं साध्या रोमन अक्षरांचा वेश घालून जाऊ लागली. बेस-६४ या वेशात दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत बरोबर ३ बाइटांचं, म्हणून 'न' चं रूप होतं चारचा आकडा, मोठा के, मोठा एस आणि लहान ओ. देवनागरी स्वराने किंवा व्यंजनाने सुरू होणारा जवळजवळ कुठलाही मजकूर या वेशात चार-के-एस असाच सुरू होतो. एकदा ही खूण लक्षात आली की त्या माळेतही आपली भाषा ओळखू येते. जोडलेली चित्रं आणि पीडीएफ मेलमध्ये एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगतात, त्याचं कारणही हेच.

आता प्रत्यक्ष काम. आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग प्रोग्रॅममध्ये 'लोकल फोल्डर्स'खाली नवे कप्पे केले आणि इनबॉक्स, पाठवलेली, मुनीमजींनी केलेले उपकप्पे, सगळ्यांतली पत्रं तिथे घेतली. हलवली नाहीत, कॉपी केली. अर्ध्यात काही अडलं तर मूळ शाबूत राहतं. आयमॅपचं खातं असतं तरी हेच केलं असतं, फक्त काढण्याआधी, जोडणी चालू असताना, कारण तिथे कधी कधी नुसती शीर्षकं संगणकावर असतात आणि पूर्ण मजकूर कॉपी करतानाच उतरतो. दोन्हीकडची संख्या जुळवून पाहिली. मग ऑफलाइन होऊन वेगवेगळ्या वर्षांची जोडपत्रं असलेली पत्रं उघडली.

त्यानंतर 'खातं काढा' दाबलं. थंडरबर्ड इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: खात्याची माहिती काढू का, आणि संदेशांचा डेटाही काढू का. दुसऱ्या चौकटीत खूण केली नाही. खूण नसेल तर पत्रांच्या फाइली डिस्कवर राहतात, फक्त डावीकडच्या यादीत दिसत नाहीत. त्यामुळे पुष्कळांना सगळं गेलं असं वाटतं. अशा वेळी ती बिनशेपटीची फाइल 'मेल' मधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की पत्रं परत दिसतात. क्लासिक आउटलुकमध्ये पॉपची पत्रं पीएसटी फाइलमध्ये असतात आणि खातं गेल्यावरही ती फाइल राहते. आयमॅपची ओएसटी ही मात्र सोयीची प्रत. खाते काढताना तीही जाणार असं आउटलुक बजावतो. म्हणून आधी पीएसटीत एक्स्पोर्ट करून घ्यावं.

आणि पत्रं सर्व्हरवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं पत्रांसकट पुसण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे.

मामांच्या पडद्यावर ती चौकट आता येत नाही. काम झाल्यावर मी इंटरनेटची तार काढून ठेवली आणि त्यांना म्हटलं, "मामा, कुठलंही जुनं नाव सांगा." त्यांनी भिवापूरच्या एका शेतकऱ्याचं सांगितलं. २०११ चं पत्र उघडलं, सोबतच्या पोत्यांच्या फोटोसकट. मामांनी चष्मा वर सरकवून तो भाव दोनदा वाचला आणि मुनीमजींना हाक मारली. बाहेरची डिस्क मात्र मी दुकानात ठेवली नाही, महाल भागातल्या घरी मामीच्या कपाटात दिली.