एकच ओरखडा दोन नाण्यांवर

जुन्या ब्रिटिश नाण्यांच्या ऑनलाइन जाहिरातींत एक वाक्य वारंवार दिसतं : "चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे शंभर टक्के अस्सल चांदी." हा गैरसमज इतका पसरलाय की विकणारा आणि घेणारा दोघंही तो मनापासून खरा मानतात. चुंबकाला लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चिकटतात. तांबं, पितळ, जस्त, शिसं, कथील यांतलं काहीच चिकटत नाही. तांब्यात २५ टक्के निकेल घालून केलेलं क्युप्रोनिकेलही चिकटत नाही. म्हणजे चुंबक लावून फक्त लोखंडावर मुलामा दिलेलं नाणं पकडता येतं. बाकी सगळी बनावट नाणी या परीक्षेत आरामात पास होतात.

आधी चांदीचं बोलू. ब्रिटनने १८१६ साली कायदा करून एक ट्रॉय पौंड (सुमारे ३७३ ग्रॅम) स्टर्लिंग चांदीतून ६६ शिलिंग पाडायचे ठरवले. त्यामुळे शिलिंगचं वजन ५.६६ ग्रॅम ठरलं. पाच शिलिंगचा क्राउन २८.२८ ग्रॅमचा आणि हाफ क्राउन १४.१४ ग्रॅमचा. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि १९२० पासून नाण्यांतली चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ पासून ती पूर्णच गेली आणि क्युप्रोनिकेल आलं. वजन मात्र तेच ठेवलं. म्हणून १९५० च्या हाफ क्राउनला कुणी 'चांदीचा' म्हणत असेल तर तो नाण्यावर छापलेलं सालही वाचत नाही, एवढंच त्यातून कळतं.

वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकदम जुळवणं हलक्या धातूला जमत नाही. क्राउनचा व्यास ३८.६ मिलिमीटर आणि त्यातल्या चांदीचं आकारमान २.७३ घन सेंटिमीटर. तेवढ्याच आकाराचं नाणं क्युप्रोनिकेलचं केलं तर ते २४.३ ग्रॅमच भरेल. वजन जुळवायचं तर सरासरी जाडी २.३ मिलिमीटरवरून २.७ वर न्यावी लागेल, आणि एवढा फरक बोटांनाही जाणवतो. शिसं आणि कथील यांचं नेमकं मिश्रण करून घनता जुळवता येते, पण ते मिश्रण मऊ असतं आणि टेबलावर टाकलं की खणखणत नाही.

खरी अडचण पुढे आहे. दुर्मिळ नाण्याची किंमत त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट असते. १८४७ चा गॉथिक क्राउन जेमतेम ८,००० पाडला गेला. असं नाणं नकली करायचं असेल तर त्यात खरी स्टर्लिंग चांदी घालायला बनावट करणारा मागेपुढे पाहत नाही. तिथे वजन, घनता आणि चुंबक तिन्ही हात टेकतात. शिवाय ऑनलाइन घेताना हातात फक्त फोटो असतो. पण त्या फोटोतूनच पकडण्याची एक रीत आहे, आणि ती मला या सगळ्या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा नाण्यावर उठून दिसतो, म्हणजे ठशात तो खोल कोरलेला असतो. नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं की त्याचं आयुष्य सुरू होतं. थैलीत ते दुसऱ्या नाण्यांवर आपटतं, गल्ल्यात पडतं, फरशीवर पडतं. प्रत्येक आघाताची खूण राहते : कुठे पोचा, कुठे ओरखडा. या खुणा त्या एका नाण्याच्याच असतात. एकाच ठशातून निघालेल्या शेजारच्या नाण्याचं नशीब वेगळं, म्हणून त्याच्या खुणाही वेगळ्या.

आता बनावट करणाऱ्याचा विचार करा. नव्याने कोरायचं तर त्याला व्हिक्टोरियाच्या नाण्यांवरचे चेहरे घडवणाऱ्या विल्यम वायन किंवा थॉमस ब्रॉक यांच्या तोडीचा हात हवा. तो त्याच्याकडे नसतो. म्हणून तो एक अस्सल नाणं घेतो आणि त्याचाच साचा काढतो, किंवा विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून त्या नाण्यावरून पोलादी ठसा तयार करतो. त्या मूळ नाण्यावरचा पोचा ठशावर टेंगूळ होऊन येतो, आणि ते टेंगूळ प्रत्येक नकलेवर पुन्हा पोचा उमटवतं, त्याच जागी, त्याच लांबीचा, त्याच कोनात. मूळ नाण्याला फरशीवर पडताना जे लागलं, ते त्याच्या शेकडो नकलांना जन्मतःच लागलेलं असतं.

दोन नाण्यांवर एकाच जागी सारखाच पोचा असेल, तर त्यांतलं निदान एक तरी जवळजवळ नक्कीच बनावट.

हे जुन्या पोथ्यांसारखं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचं काम चाललं. अशा कामात दोन पोथ्यांमध्ये शुद्ध ओळ सारखी असली तर त्यातून विशेष काही सिद्ध होत नाही. पण लेखकूची तीच विचित्र चूक दोन्हीकडे दिसली, की त्या एकाच पूर्वज पोथीवरून उतरल्या आहेत असं धरता येतं.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. अस्सल नाण्यांवरही सारख्या खुणा असू शकतात, कारण टांकसाळीचा ठसाही कधी तडकतो, त्यावरही ओरखडा जातो. पण ठशावरचा ओरखडा म्हणजे खाच, आणि खाचेत धातू शिरला की नाण्यावर उंच रेघ उमटते. म्हणजे उंच रेघ दोन नाण्यांवर सारखी असेल तर ती एका ठशाची भावंडं असू शकतात. खोल पोचा सारखा असेल तर मात्र संशय पक्का. (ठशाला ग्रीस चिकटल्याने क्वचित सारखा खोलगटपणा येतो, पण त्याच्या कडा बोथट असतात आणि काही नाण्यांनंतर तो बदलतो.) सारा निवाडा खूण उंच आहे की खोल, यावर ठरतो.

आणि फोटोत नेमकं तेच ओळखायला डोळा फसतो. प्रकाश वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरला की खड्ड्याचा डोंगर दिसायला लागतो, तो याच सवयीमुळे. म्हणून नाण्यावर आधी अशी गोष्ट शोधायची जी उंचच असणार : राणीचं नाक, किंवा अक्षरं. समजा अक्षराची डावी वरची कड चमकतेय आणि उजव्या खालच्या बाजूला सावली आहे. म्हणजे प्रकाश डावीकडून वरून येतोय. आता संशयित खूण पाहा. तिचीही डावी वरची बाजू चमकत असेल तर ती उंच. डावी वरची बाजू काळी आणि उजवी खालची चमकती असेल तर ती खोल, कारण खड्ड्याच्या पलीकडच्या भिंतीवरच प्रकाश पडतो.

दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांनी टाकलेले व्हिक्टोरियाचे दोन क्राउन मी असेच शेजारी शेजारी लावून पाहिले. एक १८९३ चा, दुसरा १८९६ चा. दोन्हींवर ब्रॉकने केलेला, ओढणी घेतलेल्या वृद्ध राणीचा डावीकडे पाहणारा चेहरा. गालावर तांदळाच्या कणीएवढा तिरपा पोचा, हनुवटीपुढच्या मोकळ्या जागेत दोन समांतर चरे, आणि वरच्या काठाच्या दातेऱ्यांत एक दात चेपलेला. तिन्ही खुणा खोल, तिन्ही दोन्हींवर. सालं मात्र वेगळी! बनावट करणाऱ्याने साल असलेली मागची बाजू बदलली, राणीचा ठसा तोच वापरला. एकाच टांकसाळीत तीन वर्षांच्या अंतराने पाडलेल्या दोन नाण्यांना एकच अपघात व्हायला काही मार्गच नाही.

हा योगायोग तर नसेल? हिशेब करू. क्राउनच्या एका बाजूचं क्षेत्रफळ सुमारे १,१७० चौरस मिलिमीटर. एकेक चौरस मिलिमीटरचे घर पाडले आणि दुसऱ्या नाण्यावर २५ खुणा विखुरलेल्या धरल्या, तर पहिल्यावरची ठरावीक खूण दुसऱ्यावरच्या कुठल्यातरी खुणेशी जुळण्याची शक्यता साधारण ४७ त एक. तीन ठरावीक खुणा जुळण्याची शक्यता लाखात एक. लांबी आणि कोनही जुळायला हवा म्हटलं की ती आणखी कितीतरी घटते. पण 'ठरावीक' हा शब्द सोडू नका. दोन्ही नाण्यांवरच्या पंचवीस-पंचवीस खुणांतून हव्या त्या तीन जुळवायला बसलात, तर शंभरातल्या एखाद-दोन जोड्यांत त्या निव्वळ योगायोगानेही जुळतील. म्हणून आधी पहिल्या नाण्यावरच्या तीन ठळक खुणा निवडून ठेवायच्या आणि मगच दुसऱ्याकडे पाहायचं. आणखी एक, गालासारखे उंच भाग जास्त मार खातात, तेव्हा मोकळ्या जागेतली खूण पुरावा म्हणून जास्त वजनाची.

या रीतीचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो एका मुंबईकर नाण्यावर. १८९५ पासून ब्रिटिशांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी चांदीचा डॉलर पाडला. वजन २६.९६ ग्रॅम, चांदी ९० टक्के, एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, दुसरीकडे चिनी आणि अरबी लिपीतल्या मलय अक्षरांत किंमत. यातले बहुतेक डॉलर मुंबईच्या टांकसाळीत पडले आणि त्यांच्या त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी 'बी' हे बारीक अक्षर असतं. चीनमधले सराफ तपासलेल्या नाण्यावर आपला छोटा शिक्का हातोडीने ठोकत. हाताने ठोकलेला शिक्का दोन नाण्यांवर तंतोतंत त्याच जागी, त्याच कोनात बसणं अशक्य. तसा दिसला तर दोन्ही नाणी बाजूला ठेवावीत.

जुन्या नाण्यांच्या नावाने आपल्याकडे याहून वाईट फसवणूक चालते, म्हणून इथेच सांगतो. रामदरबार किंवा हनुमान असलेली, '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेली तांब्या-पितळेची नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. ती तांदूळ ओढतात, त्यांत दैवी शक्ती आहे, असं सांगून लोकांचे लाखो रुपये लुबाडले गेलेत. तांब्याला तांदूळ ओढण्याचं काही कारणच नाही. तांदळात लोखंडाचे बारीक कण मिसळून नाण्याखाली चुंबक ठेवला की हा चमत्कार कुणालाही करता येतो.

ओरखड्यांची रीत सगळीकडे चालत नाही. मूळ नाणं कोरं करकरीत असेल, किंवा ठशावरची टेंगळं हाताने घासून काढली असतील, तर जुळवायला खुणाच उरत नाहीत. तेव्हा विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. एक, दिव्याखाली नाणं कलतं करत घेतलेला व्हिडिओ. दाबताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि अतिसूक्ष्म आऱ्यांसारख्या रेषा सोडतो. न वापरलेल्या अस्सल नाण्यावर प्रकाशाचा पट्टा या रेषांमुळे गोल फिरतो, आणि ओतीव नकलेवर तसा फिरत नाही. दोन, कडेचा फोटो. १८९३ च्या क्राउनच्या कडेवर लॅटिन ओळीबरोबर राणीच्या राज्याचं कितवं वर्ष ते रोमन आकड्यांत असतं, ते ५६ किंवा ५७ च असायला हवं, कारण व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला गादीवर आली. १८९६ ला ५९ किंवा ६०. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर मी पुढे बोलणंच थांबवतो.

नाणं हाती आल्यावर घनता घरीच मोजता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात असं लोंबकळत सोडा की तळाला टेकणार नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. अस्सल क्राउनला २.७३ च्या आसपास यायला हवं. वजनाला त्याने भागलं की घनता १०.३६ मिळते. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. सिक्सपेन्सचं (अर्ध्या शिलिंगच्या नाण्याचं) आकारमान मात्र फक्त ०.२७ भरतं, तिथे काट्याची ०.०१ ची चूकही घनतेत चार टक्के फरक पाडते. त्यामुळे लहान नाण्यात चांदी आणि क्युप्रोनिकेल वेगळं ओळखता येईल, पण स्टर्लिंग आणि त्याहून थोडी कमी कसाची चांदी यांतला फरक या काट्यावर कळणार नाही.