फुप्फुसविकारांची पूर्वलक्षणे

दमा, क्षयरोग, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा दीर्घकालीन विकार), फुप्फुसांचा कर्करोग, फुप्फुसे ताठर करणारे विकार अशा रोगांचे निदान होण्याआधी कित्येक महिने, कधी काही वर्षे, दिसू लागणारी लक्षणे. घरात ती बहुधा वयाच्या, थंडीच्या किंवा विडीच्या नावावर खपतात.

ती उशिरा ध्यानात येतात याला शरीररचनेतच कारण आहे. फुप्फुसाच्या आतल्या ऊतीला वेदना कळत नाही. दुखते ते छातीच्या आतून असलेले अस्तर, आणि रोग तिथवर पोचेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. शिवाय फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी आहे. शस्त्रक्रियेने एक फुप्फुस काढल्यावरही अनेक जण रोजची कामे करू शकतात. त्यामुळे श्वासनलिका अरुंद होत गेल्या तरी बसल्या जागी काही जाणवत नाही.

धाप. सर्वांत फसवे लक्षण हेच. धाप लागू लागलेला माणूस तक्रार करण्याऐवजी सवयी बदलतो. जिना सोडून लिफ्टची वाट पाहतो, देवळाकडचा चढ टाळतो, बाजाराची पिशवी मुलाच्या हाती देतो, चालताना बोलणे बंद करतो. मग डॉक्टरांनी ‘दम लागतो का?’ विचारले की ‘नाही’ म्हणतो, आणि ते खोटेही नसते; दम लागेल असे काही तो करतच नाही. म्हणून ‘गेल्या वर्षी करत होता ते कोणते काम आता सोडले?’ हा प्रश्न जास्त उपयोगी, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा बायको किंवा सून देते.

धाप मोजण्याची जगभर वापरली जाणारी श्रेणी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची आहे. तिच्यामागे चार्ल्स फ्लेचर यांचे वेल्समधील कोळसा खाणकामगारांवरचे काम आहे. तिच्या सुधारित रूपात शून्य म्हणजे केवळ जोरकस श्रमानेच दम लागणे. एक म्हणजे सपाटीवर घाईने चालताना किंवा लहान चढावर. दोन म्हणजे सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या लोकांच्या मागे पडणे किंवा मध्येच थांबावे लागणे. तीन म्हणजे शंभरेक मीटरवर थांबणे. चार म्हणजे कपडे घालतानाही धाप. पहिल्या दोन पायऱ्यांवर दवाखान्यात येणारे थोडेच. मात्र प्रत्येक धाप फुप्फुसाची नसते. रक्तक्षयात आणि हृदयविकारातही ती लागते, म्हणून हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय, विशेषतः स्त्रियांत, निष्कर्ष काढू नये.

खोकला. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी बेडक्याची क्षयरोग तपासणी करावी, असा भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे आणि सरकारी केंद्रांत ती मोफत होते. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे असेल तर दोन आठवडेही थांबू नये. रात्री उशिरा किंवा पहाटे उठवणारा खोकला आणि छातीतली घरघर दम्याकडे बोट दाखवते. सलग दोन वर्षे, वर्षातले किमान तीन महिने बेडका पडत असेल तर त्याला दीर्घकालीन श्वासनलिकादाह म्हणतात. ‘विडीचा खोकला’ असा वेगळा निरुपद्रवी प्रकार वैद्यकात नाही. जुन्या खोकल्याची तऱ्हा बदलली, तर तो बदल हेच नवे लक्षण समजावे.

बेडका न पडणारी, महिनोन्महिने चालणारी कोरडी ढास वेगळ्या गटातली; ती फुप्फुसे ताठर करणाऱ्या विकारांकडे बोट दाखवते. भारतातील २७ केंद्रांच्या एका नोंदवहीत (२०१७ मध्ये प्रसिद्ध) अशा ताठर फुप्फुसांच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत मूळ कारण श्वासातून गेलेल्या सेंद्रिय कणांची अतिसंवेदनशीलता हे निघाले. त्यांत पक्ष्यांची विष्ठा आणि पिसे येतात, तशीच ओलसर कूलरमधली बुरशीही. मुंबईतील कबुतरखान्यांच्या वादामागचा वैद्यकीय मुद्दा हाच. विदर्भातल्या कूलरच्या ओल्या गवताकडे मात्र त्या संशयाने फारसे कुणी पाहत नाही.

बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर ते हिरड्यांचे किंवा नाकाचे आहे का, हे आधी पाहावे. तसे नसेल तर प्रमाण कितीही कमी असो, तपासणी हवीच.

छातीबाहेरच्या खुणा. तीन आठवडे आवाज बसलेला राहणे हे घशाचेच लक्षण असते असे नाही. स्वरयंत्राचा डावा मज्जातंतू छातीत उतरून परत वर येतो आणि तिथल्या गाठीने दबू शकतो. फुप्फुसाच्या शिखरावरची गाठ खांदा व हात दुखवते आणि महिनोन्महिने ‘खांदा आखडला’ म्हणून शेकली जाते. नखे मुळाशी फुगून बोटांची टोके गोल होणे ही खूण हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. ती घरी तपासता येते: दोन्ही तर्जन्यांची नखे एकमेकांना टेकवून धरली की मुळाशी शंकरपाळ्याएवढी नव्हे, पण त्याच आकाराची बारीक फट दिसते. ती दिसेनाशी झाली असेल तर संशय घ्यावा. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅम्रॉथ यांनी १९७६ मध्ये ही तपासणी स्वतःच्याच आजारपणातील बोटांवरून मांडली. सीओपीडीत नखे सहसा अशी होत नाहीत. त्या रुग्णात झाली तर कर्करोग शोधावा लागतो.

कोणात शोधावे. केवळ सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत शोधले तर निम्मे चित्र हुकते. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले; भारतात त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. बंद स्वयंपाकघरात लाकूड-शेणी जाळत तीस वर्षे काढलेल्या बाईला ‘तंबाखू ओढता का?’ एवढेच विचारणे ही अर्धवट चौकशी होय. दगडखाणी, खडी क्रशर आणि पैलूकामातील कामगारांत सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. क्ष-किरण चित्र क्षयासारखे दिसते आणि क्षयाचा धोकाही वाढतो.

तपासण्या. सुरुवातीच्या सीओपीडी आणि दम्यात छातीचा फोटो स्वच्छ असू शकतो. त्यासाठी स्पायरोमेट्री हवी: पूर्ण श्वास भरून जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे एकूण हवेशी ताडतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडी धरतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडकाळात घरोघरी पोचला, पण त्यावरचा ९७ हा आकडा फुप्फुसे निरोगी असल्याचा दाखला नाही. ऑक्सिजन रोग बराच पुढे गेल्यावर उतरतो. नखांच्या रंगाने आकडा बिघडतो, आणि गडद त्वचेत तो थोडा जास्त दिसू शकतो.

क्षयाच्या देशात आणखी एक अडचण आहे. फोटोतल्या डागाला जंतू न सापडताच क्षयाची औषधे सुरू होतात, आणि डाग कर्करोगाचा असला तर मौल्यवान महिने जातात. काही आठवड्यांच्या उपचारानंतरही वजन वाढत नाही, खोकला आणि डाग तसेच राहतात, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याची मागणी रुग्णाच्या घरच्यांनीही करावी.