छपरावरचं डांबर नेमकं कुठलं? कोलटार आणि ॲस्फाल्ट

रस्त्यावर डांबर, छपरावर डांबर आणि कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये डांबरगोळ्या. तिन्ही ठिकाणी मराठीत शब्द एकच. पण रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातून येतं, आणि गोळीतलं नॅप्थॅलीन परंपरेनं काढलं गेलं ते कोळशाच्या डांबरातून. ही दोन्ही डांबरं काळी, दोन्ही चिकट, दोन्ही तापवली की पातळ होणारी. कूळ मात्र वेगळं. पहिलं ॲस्फाल्ट, ज्याला बिट्युमेनही म्हणतात, आणि दुसरं कोलटार.

रस्त्यापुरता हा घोळ फारसा कुणाला नडत नाही. छपरावर नडतो. गोदामं, कारखाने, कार्यालयं, शाळा अशा मोठ्या इमारतींच्या सपाट छपरांवर थर चढवून केलेलं जे जुनं जलरोधक काम असतं, ते या दोघांपैकी कशाचंही असू शकतं. आणि एकावर दुसऱ्याचं ठिगळ लावलं की ते टिकत नाही. गळतीसाठी बोलावलेला माणूस वर जातो, काळं काहीतरी दिसतं, 'डांबर आहे' म्हणतो आणि हाताशी असेल ते डांबर ओततो. माझा जीव तुटतो तो इथे.

आधी हे छप्पर बांधतात कसं ते पाहू, कारण दोघांची रचना सारखीच असते. खाली स्लॅब किंवा पत्रा, त्यावर बहुतेकदा उष्णतारोधक पाट्या. त्यावर गरम डांबराचा पोचारा, लगेच त्यावर फेल्टची गुंडाळी उलगडायची, पुन्हा पोचारा, पुन्हा फेल्ट. असे साधारण 3 ते 5 थर. फेल्ट म्हणजे डांबर प्यायलेला कागदी नमदा किंवा काचतंतूंची चादर. पाणी अडवायचं काम डांबर करतं, फेल्ट त्याला जागेवर धरून ठेवतं, भिंतीत सळई असते तसं. शेवटी वरून डांबराचा जाड थर ओतून तो गरम असतानाच त्यात बारीक खडी पसरतात. खडीमुळे ऊन थेट डांबरावर पडत नाही, आगीपासून थोडं संरक्षण मिळतं आणि वजनही येतं. एवढं झाल्यावर वरून दिसते ती फक्त खडी. आत कुठलं डांबर आहे ते डोळ्यांना कळत नाही.

कोलटार निघतं कोळशापासून. हवा न लागू देता कोळसा भाजला की कोक उरतो, वायू निघतो आणि सोबत हा काळा द्रव पडतो. एकोणिसाव्या शतकात शहरांतले दिवे कोळशाच्या वायूवर जळत, तेव्हा वायूच्या कारखान्यांपुढे या द्रवाचं काय करायचं हा प्रश्नच होता. अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये 1840 च्या दशकात वॉरेन बंधूंनी तो छपरांसाठी वापरायला सुरुवात केली. म्हणजे थरांच्या छपराचा जन्मच कोलटारच्या हातून झाला, ॲस्फाल्ट मागाहून आलं. छपरावर कोलटार जसंच्या तसं जात नाही. त्यातली हलकी तेलं काढून घेतल्यावर उरणारा घट्ट भाग जातो, त्याला पिच म्हणतात.

ॲस्फाल्ट म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी राहणारा गाळ. छपरासाठी तो तापवून त्यातून हवा सोडतात. हवेतल्या प्राणवायूमुळे तो घट्ट होतो आणि उन्हात लवकर मऊ पडत नाही. हवा किती वेळ सोडली त्यावर प्रकार ठरतो. अमेरिकी मानकात असे चार प्रकार आहेत. पहिला 57 ते 66 अंश सेल्सिअसला मऊ पडतो, तिसरा 85 ते 96 ला, चौथा 99 ते 107 ला. पहिला जवळजवळ सपाट छपरासाठी, चौथा चांगल्या उताराच्या. मधल्यांत तिसरा सर्वांत जास्त वापरला जातो.

छपराचं कोलटार पिच साधारण 52 ते 60 अंशांना मऊ पडतं. कडक उन्हात काळ्या छपराचा पृष्ठभाग याच्या पुढे सहज जातो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी कोलटारचं छप्पर अक्षरशः हळूहळू वाहत असतं. हा त्याचा दोषही आहे आणि सगळ्यात मोठा गुणही. थंडीत पडलेली केसाएवढी भेग उन्हाळ्यात आपोआप बुजते. ॲस्फाल्टला हे जमत नाही. ऊन खाऊन ते कडक होत जातं, आणि जिथे खडी उडून गेलेली असते तिथे मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची भेग पडते. एकदा पडली की ती मिटत नाही, खोलच जाते.

पाण्याच्या बाबतीतही तेच. ढाळ नीट नसलेल्या छपरावर पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं तरी कोलटार तग धरतं. ॲस्फाल्टला साचलेलं पाणी मानवत नाही, त्याची वाट लागते. उलट बाजू अशी की कोलटारला उतार चालत नाही. 100 फुटांना 2 फूट, याहून जास्त ढाळ असला की ते फेल्टसकट खाली सरकायला लागतं. खडीशिवायही त्याचं भागत नाही. म्हणून जुन्या छपरावर खडी मुळातच नसेल, वर नुसता गुळगुळीत काळा किंवा चंदेरी लेप असेल, तर ते ॲस्फाल्ट असण्याची शक्यता खूप जास्त. खडी असेल तर मात्र दोन्ही शक्यता उघड्या राहतात.

आता दोघं एकत्र आले की काय होतं ते. एका गोदामाच्या छपरावर पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. जुनं काम कोलटारचं होतं. आदल्या वर्षी कुणीतरी नळीच्या बुडाशी ॲस्फाल्टचं ठिगळ लावलं होतं. वरून ठिगळ ठीक दिसत होतं. कड बोटानं उचलली तर ती भाकरीसारखी सुटून हातात आली, आणि खाली तेलकट, लिबलिबीत, तपकिरी चिखल. कोलटारमधली तेलं ॲस्फाल्टमध्ये झिरपतात, ते मऊ पडतं, आणि जोडाच्या जागी चिकटपणाऐवजी वंगण तयार होतं. पाणी ठिगळाच्या खालून बिनदिक्कत जात होतं. मालकानं दुरुस्तीचे पैसे दिले होते, आणि गळतीची जागा फक्त हातभर पुढे सरकली होती.

म्हणून ओळख पटवल्याशिवाय छपराला हात लावू नये. पद्धत सोपी आहे. खडी बाजूला सारून आतल्या थरातला, ऊन न लागलेला वाटाण्याएवढा तुकडा काढायचा. पारदर्शक काचेच्या बरणीत दोन बोटं मिनरल टर्पेंटाइन घ्यायचं, रंगात मिसळतात तेच, आणि तुकडा त्यात टाकून हलवायचा. ॲस्फाल्ट असेल तर काही मिनिटांत तपकिरी धागे सुटायला लागतात आणि द्रव कोऱ्या चहासारखा, मग काळा होतो. कोलटार असेल तर तुकडा बराचसा तसाच राहतो आणि द्रवाला फिकट पिवळसर-हिरवट झाक येते. खात्रीसाठी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकायचा. डाग गडद तपकिरी, की पिवळट? एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. ही चाचणी करताना आसपास भट्टी किंवा ज्योत असता कामा नये, हे सांगायला नको.

नाकही मदत करतं. ताज्या फुटलेल्या कोलटारला डांबरगोळीची आठवण करून देणारा उग्र दर्प असतो, ॲस्फाल्टला तेलाचा. कोलटार जडही असतं. त्याची घनता पाण्याच्या सव्वापटीच्या आसपास, ॲस्फाल्टची पाण्याहून किंचितच जास्त. पण तुकड्याला फेल्ट किंवा धूळ चिकटलेली असते, त्यामुळे नुसत्या वजनावर मी विसंबत नाही. एक चाचणी मात्र मला मनापासून आवडते. धारदार कडांचे दोन तुकडे उन्हात तापणाऱ्या खिडकीत ठेवून द्यायचे. दोन-तीन दिवसांनी तिसऱ्या प्रकारच्या ॲस्फाल्टच्या कडा होत्या तशा राहतात, आणि कोलटारचा तुकडा बसकण मारून गोलसर झालेला असतो.

एक सावधगिरी. जुन्या छपरावर कधी काळी वरून दुसरं छप्पर चढवलेलं असू शकतं. तेव्हा नमुना तळापर्यंत कापून घ्यावा आणि प्रत्येक थर वेगळा तपासावा. वरचा थर ॲस्फाल्टचा निघाला म्हणून खालचाही तोच, असं धरू नये. आणि जुन्या फेल्टमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे कापण्याआधी ती तपासणी करून घ्यावी.

तापवण्यातही फरक आहे. ॲस्फाल्टचा पोचारा साधारण 200 ते 230 अंशांच्या दरम्यान लागतो, कोलटार त्याहून कमी तापमानाला पुरेसं पातळ होतं. ॲस्फाल्ट कमी तापलं तर पोचारा जाड बसतो, फेल्ट नीट चिकटत नाही आणि पुढे फुगे येतात. कोलटारला ॲस्फाल्टएवढी आच दिली तर त्यातली तेलं धुरात उडून जातात. आणि तो धूर साधा नाही.

इथे दोघांना एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर कोलटार पुन्हा पुन्हा चोळून कर्करोग घडवून दाखवला. रसायनामुळे कर्करोग होतो याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं छपराच्या कामातल्या कोलटार पिचला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या गटात टाकलं आहे. छपराच्या कामातल्या हवा सोडलेल्या ॲस्फाल्टचा धूर त्याखालच्या, 'बहुधा करणाऱ्या' गटात आहे, म्हणजे तोही निर्धोक नाहीच. शिवाय कोलटारचा धूर किंवा धूळ कातडीवर बसली आणि वर ऊन लागलं की भाजल्यासारखी लाल आग होते. जुनं कोलटार उखडणारी माणसं हे भोगतात, कारण उखडताना धूळ उडते आणि काम उन्हातच चालतं. पूर्ण बाह्या, हातमोजे, योग्य मास्क आणि काम संपल्यावर साबणानं धुणं, हे ठेकेदारानं मेहेरबानी म्हणून नव्हे तर कामाचा भाग म्हणून पुरवायला हवं.

कोलटार निघालं तर मग काय? लहान दुरुस्तीला कोलटारचंच मलम आणि कोलटारशी जुळणारं फेल्ट वापरायचं. ज्योतीनं चिकटवायच्या आजच्या एपीपी (प्लॅस्टिक मिसळलेल्या) किंवा एसबीएस (रबर मिसळलेल्या) चादरी ॲस्फाल्टच्याच कुळातल्या, त्यामुळे त्या कोलटारवर थेट लावू नयेत. पीव्हीसीची चादर तर दोघांच्याही थेट संपर्कात नको, तिचा मऊपणा निघून जातो. सगळं छप्परच नवं करायचं असेल आणि जुनं काम कोरडं, घट्ट असेल, तर मध्ये पाट्यांचा थर स्क्रूनं पक्का करून त्यावर ॲस्फाल्टचं नवं काम चढवता येतं. जुन्यात पाणी मुरलं असेल तर उखडण्याला पर्याय नाही.

आणि जे निघेल ते छपरावर जायच्या दाराच्या आतल्या बाजूला ठळक रंगानं लिहून ठेवावं. कुठलं डांबर, किती थर, नमुना कुठून काढला आणि कुठल्या साली. पुढच्या वेळी वर जाणारा माणूस दुसराच असेल.