पाचशे सीसीचा दम

लास व्हेगास, १९९७. अमेरिकेतल्या सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या हंगामाची शेवटची शर्यत. फाटक पडलं आणि टू-स्ट्रोक इंजिनांचा तो कानात सुई घातल्यासारखा आवाज स्टेडियमभर उसळला. त्या गलक्यात एकच आवाज निराळा होता, जाड आणि घशातून आल्यासारखा. तो रेसर डग हेन्रीच्या यामाहाचा. गाडीचं नाव वायझेडएम-४००एफ, कारखान्यात प्रयोग म्हणून बांधलेली, ४०० सीसीची फोर-स्ट्रोक. त्या रात्री हेन्री जिंकला. सुपरक्रॉसची मुख्य शर्यत फोर-स्ट्रोकनं जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढच्याच वर्षी तिची दुकानात मिळणारी बहीण वायझेड-४००एफ आली, आणि २००७ हे होंडाच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांचं शेवटचं वर्ष ठरलं.

मला मात्र बोलायचंय ते हेन्रीच्या विजयाआधीच मैदानातून उठून गेलेल्या गाडीबद्दल. होंडाची सीआर-५००आर आणि कावासाकीची केएक्स-५००. एकच सिलिंडर, जवळपास अर्धा लिटर, टू-स्ट्रोक. मातीच्या शर्यतीतली आजवरची सर्वांत दांडगी गाडी म्हणून तिचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. मग एवढी ताकद असलेली गाडी मागे का पडली? धूर आणि प्रदूषण हे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर इंजिनाच्या श्वासात आहे, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडे ज्यानं आरएक्स-१०० चालवली आहे, त्याला टू-स्ट्रोक समजावून सांगायची गरज नाही. तिची ती फायरिंग, पेट्रोलबरोबर ओतलेलं टू-टी ऑईल, आणि थ्रॉटल पिळत गेलं की एका क्षणी गाडी अचानक हातातून सुटू पाहते तो झटका. आता त्याच जातीच्या इंजिनाचा एकच पिस्टन पाचपट मोठा करा. सीआर-५०० चा पिस्टन ८९ मिलिमीटर व्यासाचा होता, म्हणजे चहाच्या मोठ्या मगाच्या तोंडाएवढा.

फोर-स्ट्रोक इंजिन श्वास घेतं, दाबतं, पेटवतं आणि सोडतं. प्रत्येक कामाला पिस्टनची एक स्वतंत्र फेरी, खाली किंवा वर. टू-स्ट्रोकला एवढी फुरसत नसते. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडी पडतात. एका बाजूनं जळका धूर बाहेर पडत असतानाच दुसऱ्या बाजूनं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत शिरतं. उच्छ्वास आणि श्वास एकाच वेळी. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. इंजिनाच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्याला (पिस्टन एकदा खाली, एकदा वर) एक स्फोट, म्हणजे त्याच वेगाला फोर-स्ट्रोकच्या दुप्पट.

पण दार एकाच वेळी दोन्हीकडून उघडं असलं की आलेला पाहुणाही धुराबरोबर बाहेर जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, न जळताच सायलेन्सरमधून निघून जाई. ही गळती थोपवायला जे सापडलं, ते म्हणजे मध्येच पोट फुगलेली ती एक्झॉस्टची नळी, एक्स्पान्शन चेंबर. तिचं शास्त्र पूर्व जर्मनीतल्या झ्शोपाऊ इथे एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी हाती आणलं. नळीतल्या दाबाच्या लाटा त्यांनी ऑसिलोस्कोपवर पाहिल्या आणि त्यांना कामाला लावलं. १९६१ साली त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं, म्हणजे लिटरमागे २०० हॉर्सपॉवर. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनानं तोवर हा आकडा गाठला नव्हता. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेला पळून गेला, सुझुकीत दाखल झाला, आणि ही विद्या जपानला पोचली. जपानी टू-स्ट्रोकचा पुढचा सगळा सुवर्णकाळ त्या एका पलायनाचा ऋणी आहे.

ही नळी करते काय? स्फोटानंतर एक्झॉस्टचं भोक उघडतं तेव्हा दाबाची एक लाट नळीत धावत सुटते. नळी रुंदावते तिथून शोषणाची लाट मागे येते आणि सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते, तिथून दाबाची लाट परत फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलते. पुढच्याच क्षणी पिस्टन भोक बंद करतो. म्हणजे टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतो हे पूर्ण खरं नाही. त्याचा व्हॉल्व्ह आवाजाचा असतो.

आणि आवाजाचा व्हॉल्व्ह वेळेचा गुलाम. साधा हिशेब करू. इंजिन ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी, फिरतंय आणि एक्झॉस्टचं भोक फेऱ्यातले १९० अंश उघडं आहे असं धरलं, तर ते साधारण ५.३ हजारांश सेकंद उघडं राहतं. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर जातो. म्हणजे लाटेला जाऊन-येऊन २.६ मीटर अंतर मिळतं. नळी तेवढ्यासाठी साधारण १.३ मीटर लांब हवी. वेग बदलला की लाट लवकर किंवा उशिरा पोचते आणि सगळं गणित फिसकटतं. आरएक्सला जो झटका जाणवतो, तो त्या नळीचा सूर जुळल्याचा क्षण असतो.

आता सीसीच्या आकड्याकडे वळतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. २५० ची गाडी मोठी करून ५०० केली तर ताकद दुप्पट व्हायला हवी. तशी ती होत नाही, जवळपासही जात नाही. इंजिनाची उंची, रुंदी, लांबी सगळं एकाच प्रमाणात वाढवलं, तर घनफळ दुप्पट व्हायला प्रत्येक माप १.२६ पट वाढवावं लागतं. पण भोकं हे क्षेत्रफळ आहे, ते फक्त १.५९ पट वाढतं. छाती दुप्पट, नाकपुड्या दीडपट. त्याच वेगात छाती भरायची तर वेळ जास्त लागतो, म्हणून मोठं टू-स्ट्रोक सिंगल हळू फिरतं. २५० चं टू-स्ट्रोक सर्वाधिक ताकद ८,५०० आरपीएमच्या आसपास देतं, सीआर-५०० मात्र ६,००० च्या पुढे थोडंसं जाऊन दम टाकते.

उष्णतेचं दुखणंही याच पोटातलं. प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्यानं टू-स्ट्रोकच्या पिस्टनला विसावा नसतो. मधोमध साठलेली उष्णता कडेपर्यंत जाऊन सिलिंडरच्या भिंतीला द्यायची, आणि पिस्टन जितका रुंद तितकी ही वाट लांब. त्यात एक्झॉस्टच्या भोकाची बाजू सतत तापलेली. अशात ऑईल कमी पडलं की पिस्टन पकडतो, आपले मिस्त्री म्हणतात तसं इंजिन सीझ होतं. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यानं थ्रॉटल बंद म्हणजे वंगणही बंद. लांब उतारावर मधून मधून थ्रॉटल उघडायची सवय जुन्या स्वारांना याचसाठी लागली होती. थरथर वेगळीच. एकटा अवजड पिस्टन वर-खाली फेकला जात असताना हँडल धरून अर्धा-पाऊण तास शर्यत काढणाऱ्यांचे हात कसले असतील, याचा मला मनापासून आदर वाटतो.

फोर-स्ट्रोकनं हा तिढा वेगळ्या जागी सोडवला. श्वासाचं काम पिस्टनकडून काढून व्हॉल्व्हकडे दिलं. मग पिस्टनची फेरी आखूड करता आली. वायझेड-४००एफ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका फेरीची लांबी, अवघा ६०.१. सीआर-५०० चा स्ट्रोक ७९. आखूड स्ट्रोकमुळे हे इंजिन ११,००० आरपीएमपर्यंत सहज चढे. तिथे पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला २२ मीटर. सीआर-५०० चा ६,००० ला निघतो १५.८. फोर-स्ट्रोकच्या त्या ११,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ९२ वेळा उघडून बंद व्हावा लागतो, तोही जागच्या जागी बसला पाहिजे. मोटोक्रॉसच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आले ते यासाठीच, कारण ते पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनाचे असतात.

आता तिघांचा मिनिटाचा श्वास मोजू. २५० चं टू-स्ट्रोक ८,५०० आरपीएमला: सुमारे २,१२५ लिटर. आजचं ४५० चं फोर-स्ट्रोक ९,००० ला, पण दर दुसऱ्या फेऱ्याला एकच श्वास म्हणून ४,५००: सुमारे २,०२५ लिटर. सीआर-५०० सहा हजारांना: सुमारे २,९५० लिटर. हा हिशेब ढोबळ आहे, सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतो असं धरलेला. तरी तो बरंच सांगतो. शर्यतीच्या नियमांत २५० च्या टू-स्ट्रोकसमोर ४५० चं फोर-स्ट्रोक उभं केलं जातं, ते वरवर अन्यायाचं वाटतं, पण श्वासाच्या मापानं दोघं बरोबरीचे आहेत. आणि ५०० सर्वांत जास्त हवा ओढूनही मागच्या चाकाला आजच्या ४५० एवढीच, पन्नाशीच्या आसपास किंवा थोडी पुढे, हॉर्सपॉवर पोचवते. जवळपास एक तृतीयांश कमी हवेत ४५० तेच काम करते. फरक गळतीचा आहे, आणि ४५० आपलं मिश्रण १३ पटींहून जास्त दाबते त्याचाही.

हॉर्सपॉवर सारखी असली तरी माती दोघींना सारखी वागवत नाही. मोकळ्या मातीत चाक जरा घसरलं की इंजिन एकदम वर चढतं. टू-स्ट्रोकमध्ये वर चढणं म्हणजे नळीचा सूर जुळणं, म्हणजे आणखी ताकद, म्हणजे आणखी घसरणं. वणव्याला वारा मिळावा तसं. सीआर-५०० ला तर एक्झॉस्टचं भोक वेगाप्रमाणे लहान-मोठं करणारा पॉवर व्हॉल्व्ह कधीच मिळाला नाही. केएक्स-५०० ला मिळाला होता. ४५० ची ताकद उतारासारखी सलग चढत जाते, आणि थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच ब्रेक लावतं, त्यामुळे वळणात शिरताना मागचं चाक मातीत बसतं. उघड्या, लांब, सरळ वाळवंटात हा हिशेब उलटा होई. मेक्सिकोतल्या बाहा शर्यतींत १९९० च्या दशकात केएक्स-५०० पुन्हा पुन्हा जिंकली ती याचमुळे. तिथे वळणं कमी आणि फुप्फुसाला मोकळं रान.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. सीआर-५०० २००१ पर्यंत विकली गेली, पण अखेरच्या वर्षांत तिच्यात फारसं काही बदललं नाही. धाकट्या सीआर-२५० ला १९९७ मध्ये ॲल्युमिनियमची चौकट मिळाली, थोरलीला शेवटपर्यंत पोलादीच. अमेरिकेतली ५०० ची राष्ट्रीय स्पर्धाच १९९३ नंतर बंद झाली होती. त्याच वर्षी युरोपात जॅकी मार्टेन्सनं हुस्कवार्नाच्या फोर-स्ट्रोकवर ५०० चं जागतिक विजेतेपद घेतलं. १९६५ मध्ये जेफ स्मिथनं बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर ते जिंकलं होतं, त्यानंतर फोर-स्ट्रोकला ते पहिल्यांदाच मिळालं. त्यामुळे आजच्या ४५० शी जुन्या ५०० ची तुलना करताना निम्मी तुलना इंजिनाची आणि निम्मी फोर्क, ब्रेक, चौकट यांची होते. हाच फरक पुसायला काही हौशी मंडळी सीआर-५०० चं इंजिन नव्या ॲल्युमिनियम चौकटीत बसवतात. ती गाडी पाहिली की वाटतं, हिला संधी मिळायला हवी होती.

दुरुस्तीच्या बाबतीत मी टू-स्ट्रोकच्या बाजूनं आहे. पिस्टन, रिंग, गॅस्केट, आणि एका संध्याकाळचं काम. ४५० चा व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर हेड, पिस्टन आणि बोअर, तिघांचा एकदम हिशेब होतो.

टू-स्ट्रोक संपलेली नाही. खडकाळ, चढणीच्या एन्ड्युरोत, म्हणजे रानवाटांवरच्या लांब शर्यतींत, ३०० सीसीच्या हलक्या टू-स्ट्रोक अजूनही पुढे आहेत. केटीएमनं, जिच्या लहान ड्यूक आपल्या चाकणमध्ये बनतात, २०१८ च्या एन्ड्युरो मॉडेलांत पेट्रोल थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये, म्हणजे ताजी हवा सिलिंडरमध्ये आणणाऱ्या भोकात, फवारायला सुरुवात केली. तरीही पेट्रोल आत येतं तेव्हा एक्झॉस्टचं दार उघडंच असतं. ते बंद झाल्यावरच फवारायचं, तर ६,००० आरपीएमला स्फोटापर्यंत हातात उरतात २.४ हजारांश सेकंदही नाहीत. कॅनडातल्या बर्फगाड्यांत स्की-डूनं थेट सिलिंडरमध्येच फवारणी करून ही शर्यत बरीचशी जिंकली आहे. तिथलं रोटॅक्सचं टू-स्ट्रोक इंजिन ८४९ सीसीचं, दोन सिलिंडरांचं, १६५ हॉर्सपॉवरचं आहे. म्हणजे सव्वाचारशे सीसीचा एकेक सिलिंडर ऐंशीच्या वर हॉर्सपॉवर देतो, आणि तो सगळ्यात आनंदात धावतो उणे वीस अंशांतल्या बर्फावर.