कॉलेजला बगल देणारी वाट: पार्श्वभूमी

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची मोठी लीग. ती आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात नव्या मुलांसाठी एक कलम आहे. ज्या कॅलेंडर वर्षात ड्राफ्ट (संघांनी क्रमाक्रमाने एकेक नवा खेळाडू निवडणं), त्या वर्षात मुलाला १९ पूर्ण व्हायला हवीत. शिवाय मुलगा अमेरिकी असेल, तर त्याची शाळेची बॅच बाहेर पडून लीगचा किमान एक हंगाम उलटलेला हवा. एवढंच. वयाच्या या अटीत ‘कॉलेज’ हा शब्दच येत नाही. तरी ही अट आली त्या २००५ पासूनची सगळी भांडणं कॉलेजच्याच नावाने झाली आहेत. मधलं एक वर्ष पोराने कुठे काढायचं आणि त्या वर्षात त्याच्या खेळावर कमवायचं कोणी, हा खरा वाद. तो नीट कळायला फार मागे जावं लागत नाही, पण १९७१ पर्यंत तरी जावं लागतं.

त्याआधीचा काळ दोन वाक्यांत सांगता येईल. शाळा सुटल्यावर चार वर्षं उलटल्याशिवाय लीगमध्ये पाऊल ठेवता येत नसे, मग ती चार वर्षं वर्गात काढा नाहीतर वखारीत. विल्ट चेंबरलेनसारख्या दिग्गज खेळाडूने १९५८ मध्ये कॅन्ससचं विद्यापीठ एक वर्ष आधी सोडलं, तर त्यालाही ते वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत घालवावं लागलं. संघमालकांना यात तक्रारीसारखं काही नव्हतं. कॉलेजं फुकटात पोरं घडवत होती, वर त्यांची जाहिरातही करत होती. तयार माल चार वर्षांनी दारात.

हे मोडलं स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीतला, कापूस वेचणाऱ्या घरातला हा मुलगा. डेट्रॉइटला शाळा, मग एक वर्ष ज्युनियर कॉलेज, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणि त्यानंतर डेट्रॉइट विद्यापीठात एक हंगाम, ज्यात सामन्यामागे ३२ गुण आणि २१ हून जास्त रिबाउंड, म्हणजे नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू. १९६७ मध्ये एनबीएला टक्कर द्यायला एबीए नावाची दुसरी लीग निघाली होती. तिला नावाजलेली माणसं हवी होती आणि जुन्या नियमांचं ओझं नव्हतं. तिच्यातल्या डेन्व्हरच्या संघाने हेवूडला उचललं, आणि पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम खेळाडू असा दोन्ही ठरला. मग करारातल्या पैशांवरून बिनसलं आणि १९७० सरता सरता तो एनबीएतल्या सिएटलकडे आला. चार वर्षं भरायला तेव्हा फक्त काही महिने बाकी होते.

त्या काही महिन्यांसाठी लीग कोर्टात लढली. परगावच्या सामन्यांत लाउडस्पीकरवरून घोषणा व्हायची, की अमुक नंबरचा खेळाडू बेकायदा आहे. हेवूडने हे पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. एकदा तर खेळाच्या कपड्यांतच आपल्याला बाहेर बर्फात काढलं होतं, असंही तो सांगतो. तेव्हा वय २१.

‘सुप्रीम कोर्टाने चार वर्षांचा नियम रद्द केला’ असं ठोकून लिहिलेलं सर्रास वाचायला मिळतं. ते तितकं सरळ नाही. लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टाने हेवूडला खेळू द्या असा आदेश दिला, वरच्या कोर्टाने तो थांबवला, आणि १ मार्च १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी, एकट्यानेच, आपल्या दालनातून तो पुन्हा लागू केला. हा अंतरिम दिलासा होता. खटला निकाली निघेपर्यंत माणूस बाकावर कुजू नये, इतकाच त्याचा अर्थ. मूळ प्रश्नाला हात घातला तो लॉस एंजेलिसच्याच कोर्टाने: सगळ्या संघांनी मिळून एखाद्याला काम द्यायचं नाही असं ठरवणं हा संगनमताने घातलेला बहिष्कार आहे आणि तो मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तडजोड केली. ‘संगनमताने’ हा शब्द लक्षात असू द्या, पुढे २००५ चा सगळा खेळ त्याच्यावरच फिरतो.

तडजोडीतून आलेली व्यवस्था गमतीची होती. तिचं नाव ‘हार्डशिप’, म्हणजे हलाखी. चार वर्षं न थांबता ड्राफ्टमध्ये यायचं असेल तर घरची ओढगस्त आहे असं दाखवायचं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लावलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको. लाखो डॉलरच्या करारावर सही करायची म्हणून आधी गरिबी सिद्ध करायची! १९७६ मध्ये ही अट गेली. नाव नोंदवलं की झालं.

तेवढ्यात, १९७४ मध्ये, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गचा मोझेस मलोन शाळेतून थेट एबीएच्या युटा संघात गेला. मेरीलंड विद्यापीठात येण्याच्या कागदावर त्याची सही झालेली होती. तो पुढे तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. १९७५ च्या ड्राफ्टमध्ये एनबीएच्या संघांनी शाळेतली आणखी दोन मुलं घेतली. आणि मग वीस वर्षं शाळेतून थेट ड्राफ्टमध्ये कोणीच नाही. कॉलेजात नाव घालून तिथे एकही सामना न खेळता आलेला एखादा असेल, पण शाळेच्या जिममधून सरळ लीगमध्ये, असा नाही.

बंदी नसताना वाट ओस का पडली? प्रशिक्षकांचा दबाव, घरच्यांची भीती, ‘अठराव्या वर्षी शरीर भरलेलं नसतं’ हा युक्तिवाद, सगळं खरं. पण हिशेबही तसाच होता. १९९५ पर्यंत नवख्याच्या पगाराला ठरलेली चौकट नव्हती. कॉलेजात नाव कमवा, वरच्या क्रमांकावर या आणि मग मालकाला घाम फोडा. १९९४ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असाच अडून बसला आणि दहा वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर घेऊन गेला. मालक हबकले. १९९५ च्या करारात नवख्यांचा पगार क्रमांकानुसार बांधून टाकला आणि मुदत तीन वर्षांची केली. आता मोठा पैसा पहिल्या करारात नव्हता, दुसऱ्यात होता. मग दुसऱ्यापर्यंत लवकर पोचायचं तर पहिला लवकर सुरू करायला हवा. कॉलेजातलं प्रत्येक वर्ष आता सरळ तोट्याचं होतं. मुलं अधीर झाली असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाहावी. मालकांनी पैसे वाचवायला जे केलं, त्यानेच शाळेचं दार उघडलं.

त्याच वर्षी शिकागोच्या शाळेतून केव्हिन गार्नेट मिनेसोटाकडे गेला, पाचव्या क्रमांकावर. १९९६ ला कोबी ब्रायंट तेराव्या क्रमांकावर. १९९७ मध्ये २१ वर्षांच्या गार्नेटने सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला, आणि १९९८ मध्ये मालकांनी लीगची टाळेबंदी केली त्यामागे या आकड्याची धडकी मोठी होती. तो हंगाम ८२ ऐवजी ५० सामन्यांचा झाला.

१९९८ चा ड्राफ्ट व्हँकुव्हरला होता. ह्यूस्टनजवळच्या एलिफमधल्या शाळेचा रशार्ड लुईस निमंत्रितांच्या खोलीत घरच्यांबरोबर बसला होता. घरच्या संघाकडे, म्हणजे ह्यूस्टनकडे, पहिल्या फेरीत तीन संधी होत्या: १४, १६ आणि १८. तिन्ही वेळा दुसरंच नाव पुकारलं गेलं. हळूहळू टेबलं रिकामी होत गेली, कॅमेरे मात्र तिथेच. शेवटी खोलीत तो एकटा उरला आणि रडला. ३२ व्या क्रमांकावर सिएटलने त्याला घेतलं. नऊ वर्षांनी त्याने ११ कोटी ८० लाखांच्या करारावर सही केली. त्याच रात्री ४० व्या क्रमांकावर डेट्रॉइटने घेतलेला, तोही शाळकरीच, लीगमध्ये एकूण तीन सामने खेळला. १९९६ ला साऊथ कॅरोलिनातल्या एका मुलाने नाव दिलं होतं, त्याला तर कोणीच घेतलं नाही.

वाद व्हायचा तो नेहमी अशाच मुलांची उदाहरणं देऊन. पण आकडा बघा. १९९५ ते २००५ या अकरा ड्राफ्टमध्ये शाळेतून थेट घेतलेली मुलं सगळी मिळून जेमतेम चाळीस. त्यात गार्नेट, कोबी, लेब्रॉन जेम्स, ड्वाइट हॉवर्ड. चार वर्षं कॉलेज करून लीगमध्ये न टिकलेल्यांची यादी कोणी छापत नाही, कारण ती छापायला कागद पुरणार नाही. २००१ ला पहिल्या आठांत चार शाळकरी होते, २००४ ला पहिल्या फेरीत आठ. २००५ ला ५६ व्या क्रमांकावरचा मुलगा शेवटचा.

आता २००५ चा निर्णय. लीगच्या तेव्हाच्या आयुक्तांना, म्हणजे प्रमुखांना, वयाची अट २० हवी होती. आपल्या संघांची माणसं शाळांच्या जिममध्ये घिरट्या घालतात हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिसण्याचा प्रश्न होताच, पण पैशाचाही होता. अठरा वर्षांच्या मुलावर पैज लावणं जोखमीचं. तो एक वर्ष दुसरीकडे खेळला, टीव्हीवर दिसला, की जोखीम कमी आणि तिकीटविक्रीची तयारीही झालेली. संघटनेने घासाघीस करून २० चं १९ वर आणलं आणि बदल्यात इतर मागण्यांत काही पदरात पाडून घेतलं. १९७१ मध्ये जे बेकायदा ठरलं होतं, ते जवळपास त्याच रूपात ३४ वर्षांनी परत आलं, फक्त चाराच्या जागी एक.

मग हेवूडचा निकाल कुठे गेला? तो जागेवरच आहे. फरक इतकाच, की १९७१ चा नियम मालकांनी आपसात केलेला होता. २००५ चा नियम कामगार संघटनेशी झालेल्या करारात होता. अमेरिकी कायद्यात मालक आणि संघटना यांनी वाटाघाटी करून ठरवलेल्या अटींना मक्तेदारीविरोधी कायद्यातून बरीचशी सूट मिळते. वर्षभरच आधी, मे २००४ मध्ये, न्यूयॉर्कच्या फेडरल अपील कोर्टाने अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या तीन वर्षांच्या नियमाबद्दल हेच सांगितलं होतं. खालच्या कोर्टात जिंकलेला ओहायोचा खेळाडू तिथे हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पाच वर्षांनी सुप्रीम कोर्टात गेल्या. बास्केटबॉलच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा या निकालाची शाई अजून ओली होती.

यातली गोम अशी, की ज्याला रोखायचं तो मुलगा संघटनेचा सदस्यच नसतो. त्याला मत नाही, वाटाघाटीच्या टेबलाला खुर्ची नाही. ज्यांना आहे, त्या जुन्या खेळाडूंचं हित त्याच्या उलट. तीस संघ, प्रत्येकी पंधरा जागा. शाळेतून आलेला प्रत्येक मुलगा कोणा तेहतीस-चौतीस वर्षांच्या माणसाला घरी पाठवतो. संपाच्या काळातली गिरणी आठवली तर बदली कामगाराचं दुखणं नवीन वाटणार नाही: त्याच्या नावाने दोन्हीकडून बोललं जातं, त्याला विचारत कोणी नाही. कोर्टाचं उत्तर असं, की नव्या कामगाराला जुन्या कराराच्या अटी लागू होतातच, त्यात वेगळं काही नाही. कायदा म्हणून ते पटतं. पण टेनिस किंवा बेसबॉलमध्ये अठराव्या वर्षी पैसे घेतले तर कोणाला कळवळा येत नाही, मग इथेच का, हा प्रश्न तेव्हा लीगमधल्याच एका खेळाडूने वंशाचा उल्लेख करून विचारला होता, आणि त्याला धड उत्तर मिळालं नाही.

पुढचं सगळं त्या एका वर्षाभोवती. बहुतेकांनी ते कॉलेजात काढलं आणि ‘वन अँड डन’, म्हणजे एक वर्ष खेळायचं आणि निघायचं, हा शब्दप्रयोग रूढ झाला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाचा ब्रँडन जेनिंग्ज रोमच्या क्लबात गेला, फारसा खेळला नाही, तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये दहावा आला. मग कोणी इस्रायलला, कोणी चीनला. लमेलो बॉल आधी लिथुआनियात आणि मग ऑस्ट्रेलियातल्या इलावारात खेळून २०२० ला तिसऱ्या क्रमांकावर आला. मध्येच, २०१५ ला, पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातला सतनाम सिंग भामरा डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय म्हणून त्याचं कौतुक आपल्याकडे झालं. २००५ नंतर अमेरिकेतल्या शाळेतून थेट ड्राफ्ट झालेला पहिला मुलगाही तोच होता, ही गोष्ट आपल्या बातम्यांत फारशी आली नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयच्या तपासातून कॉलेज प्रशिक्षक, दलाल आणि बूट कंपनीची माणसं यांच्यातले लाचेचे व्यवहार बाहेर आले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने ‘वन अँड डन’ बंद करा असं सांगितलं. लीगने अट काढली नाही, स्वतःचंच दुकान थाटलं. २०२० मध्ये दुय्यम लीगमध्ये इग्नाइट नावाचा संघ उभा राहिला, कॉलेजला न जाणाऱ्यांना पगार देणारा. पहिल्याच तुकडीतला एक मुलगा दुसऱ्या क्रमांकावर ड्राफ्ट झाला, एक सातव्या. पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही त्याच तुकडीत होता.

इग्नाइट चारच हंगाम टिकला, कारण तोवर कॉलेजातच पैसे मिळू लागले. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेज खेळांच्या संस्थेविरुद्ध ९–० असा निकाल दिला आणि १ जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं थेट पैसे वाटू लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळ्या खेळांत मिळून. ड्राफ्टला आपोआप पात्र होण्याआधीच नावं देणाऱ्यांची संख्या २०२१ ला ३५३ होती. २०२५ ला ती १०६ वर आली. इग्नाइटमध्ये पगार घेऊन खेळलेला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातला एक खेळाडू २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान्ता क्लारा विद्यापीठाकडे वळला. १९ वर्षांची अट मात्र करारात तशीच आहे.