वैकासिक मानसशास्त्र

माणूस गर्भात असल्यापासून अखेरच्या श्वासापर्यंत त्याच्या हालचालीत, विचारात, भावनांत आणि माणसांशी असलेल्या नात्यांत होणारे बदल कसे आणि का होतात, याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. विसाव्या शतकात बराच काळ ही शाखा जवळजवळ बालमानसशास्त्रापुरतीच होती. मूल वाढते, वयात येते, मोठे झाले की घडण पूर्ण होते आणि पुढे उरते ती झीज, अशी समजूत होती. पॉल बाल्टेस (१९३९–२००६) या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खोडून काढली. विकास आयुष्यभर चालतो आणि कुठल्याही वयात काहीतरी हाती येत असते तसे काहीतरी सुटतही असते, असे त्यांचे म्हणणे होते. या शाखेतल्या इतर बहुतेक संकल्पना या एका विचाराच्या उजेडात जास्त नीट कळतात.

पहिल्या वर्षातले मिळवणे आणि गमावणे

‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक मराठी कानाला इतका उघड असतो, की तो कुणाला ऐकूच येत नसेल हे पटत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन ध्वनी ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर बसलेले, लाउडस्पीकरमधून एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो आहे. ध्वनी बदलला आणि बाळाने मान तिकडे वळवली, की शेजारच्या काळपट पेटीत दिवा लागतो आणि आतला खेळण्यातला प्राणी हलू लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान बरोबर वेळी वळवली. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना ते जमले. हिंदी घरांत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांना मात्र फरक सहज कळत होता.

वर्षाच्या आतच बाळ काहीतरी गमावते, हे ऐकून आईबापांना धक्का बसतो. पण त्याच महिन्यांत घरच्या भाषेतले ध्वनी ओळखण्यात बाळ अधिक तरबेज होत असते. कान आपल्या माणसांच्या बोलण्यावर बसत जातो, तसा इतर भाषांसाठीचा त्याचा मोकळेपणा कमी होतो. वाढ आणि गळती एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू असू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही.

अशा काळाला ‘संवेदनशील काळ’ म्हणतात. या काळात विशिष्ट अनुभवाचा ठसा सर्वात खोल उमटतो. नंतरही शिकता येते, पण कष्ट जास्त पडतात. पक्ष्यांच्या पिलांवरील अभ्यासातून आलेली ‘निर्णायक काळ’ ही कल्पना याहून कडक आहे: ठरावीक मुदतीत अनुभव मिळाला नाही, तर दार कायमचे बंद. माणसाच्या बाबतीत सहसा पहिलीच संज्ञा लागू पडते. रुमानियात २००० नंतर सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात अनाथगृहांतली १३६ मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांतली काही पालक कुटुंबांत ठेवली गेली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि नाती अधिक सावरली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक फायदा झाला. उशिरा गेलेल्यांनाही फायदा झालाच. मेंदूच्या या बदलू शकण्याला ‘लवचिकता’ म्हणतात. ती वयाबरोबर कमी होते, संपत मात्र नाही.

मुलांच्या चुका

स्विस अभ्यासक ज्यां पियाजे (१८९६–१९८०) तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे काम करत होते. काम होते बरोबर उत्तरे मोजण्याचे. त्यांचे लक्ष गेले चुकांकडे. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांनी टिपले. मुलाची विचार करण्याची रीतच मोठ्यांहून वेगळी असते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मला या शाखेतली ही सर्वात मायेची दृष्टी वाटते, कारण तिने मुलाचे चुकीचे उत्तरही ऐकून घेण्याजोगे ठरवले.

त्यांचा प्रसिद्ध प्रयोग कुणालाही घरी करता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे. चार-पाच वर्षांचे मूल वाकून दोन्ही पेले निरखते आणि ‘सारखंच आहे’ म्हणते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे. ‘आता कशात जास्त?’ मूल जराही न घुटमळता उंच पेल्याकडे बोट दाखवते. पुन्हा पहिल्या पेल्यात ओता, पुन्हा सारखे. उंच पेल्यात ओता, पुन्हा जास्त. यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. आकार बदलला तरी मात्रा तीच राहते, ही ‘अक्षय्यतेची’ जाण साधारण सात वर्षांच्या सुमारास येते, आणि ती आली की तेच मूल हा प्रश्न विचारणाऱ्याकडे नवलाने पाहते.

पियाजेंनी विकासाचे चार टप्पे मांडले. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत बाळ हातापायांनी आणि इंद्रियांनी जग ओळखते. दोन ते सात या वयात शब्द, चित्रे, ‘खोटं खोटं’ खेळ येतात, पण तर्क डळमळीत असतो. सात ते अकरा या काळात समोरच्या वस्तूंबद्दल तर्कशुद्ध विचार जमतो. पुढे अमूर्त आणि ‘असे असते तर’ हा विचार. ज्ञान कसे वाढते, याचे त्यांचे उत्तर दोन शब्दांत होते: ‘सात्मीकरण’, म्हणजे नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवणे, आणि ‘समायोजन’, म्हणजे तो बसत नाही म्हणून चौकटच बदलणे. चारपायी प्रत्येक प्राण्याला ‘भूभू’ म्हणणारे मूल पहिले करत असते. एखादा भूभू हंबरला की दुसरे सुरू होते.

पियाजेंनी मुलांची समज कमी धरली, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. नजरेआड झालेली वस्तू असतेच, ही जाण आठ महिन्यांच्या आसपास फुटू लागते असे त्यांचे मत होते. पण झाकलेली वस्तू हाताने शोधणे हा त्यांचा पुरावा होता. रेने बायारजाँ यांनी १९८०च्या दशकात बाळाचा हात सोडून त्याची नजर मोजली, तेव्हा पाच महिन्यांची बाळेही, झाकलेली वस्तू तिथे नाहीच असे भासवणाऱ्या अशक्य घटनेकडे, जणू नवल वाटून, जास्त वेळ टक लावून पाहताना आढळली. या टक लावण्याचा अर्थ किती खोल घ्यायचा, यावर अजून वाद आहे. टप्प्यांच्या सीमाही पियाजेंना वाटल्या तितक्या ठळक नाहीत. तरीही मूल स्वतः ज्ञान रचते, हा त्यांचा गाभा टिकला आहे.

रशियन अभ्यासक लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) त्याच साली जन्मले आणि क्षयाने अवघ्या ३७व्या वर्षी गेले. त्यांच्या मते विचार आधी माणसामाणसांत घडतो, मग आत उतरतो. मुलाला एकट्याने जे जमते आणि जाणत्याच्या मदतीने जे जमते, त्यामधल्या पट्ट्याला त्यांनी ‘समीप विकासाचे क्षेत्र’ म्हटले. शिकवणे उपयोगी पडते ते या पट्ट्यात. बुटाची नाडी बांधताना मूल स्वतःशीच पुटपुटते, ‘हे इकडून, मग खालून’. हे पुटपुटणे पुढे मनातल्या विचाराचे रूप घेते, असे वायगॉट्स्कींचे म्हणणे होते.

जिव्हाळ्याचा बंध आणि स्वभाव

बाळ आईला चिकटते ते दुधासाठी, हे मत एकेकाळी सर्रास मान्य होते. १९५८ साली हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या: दूध देणारी तारेची आणि दूध न देणारी मऊ कापडाची. पिले पोटापुरती तारेच्या आईकडे जात आणि बाकीचा सारा वेळ कापडाला बिलगून राहत. प्रयोग क्रूर होता, हे म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी ‘अनुबंधाचा’ सिद्धान्त मांडला: सांभाळणाऱ्या माणसाजवळ राहणे ही बाळाची जीव तगवणारी मूळ प्रेरणा आहे, आणि ते माणूस म्हणजे जग धुंडाळायला निघण्याचे भरवशाचे ठाणे. मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांसाठी एक छोटी चाचणी रचली. अनोळखी खोलीतून आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. खरी माहिती बाळाच्या रडण्यापेक्षा परतभेटीत मिळते. सुरक्षित बंध असलेले बाळ तिच्याकडे झेपावते, शांत होते, पुन्हा खेळू लागते. काही बाळे तोंड फिरवतात. काही बिलगतात आणि चिडून ढकलतातही.

सगळे श्रेय आणि सगळा दोष आईच्या पदरात टाकण्याची चूक या सिद्धान्ताच्या नावाखाली पुष्कळ झाली आहे. बाळही आपला स्वभाव घेऊन येते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा काही सहज रमणारी, काही हट्टी-तापट, काही हळूहळू खुलणारी दिसली. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुले मात्र यांपैकी कुठल्याच खणात बसली नाहीत. त्यांच्या लेखी महत्त्व होते ते मुलाचा स्वभाव आणि घरची अपेक्षा यांच्या ‘जुळणीला’. युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ साली हीच दृष्टी आणखी रुंद केली: मुलाभोवती घर-शाळा, त्यांचे आपसांतले संबंध, पालकांच्या नोकरीसारखी मुलाने कधी न पाहिलेली ठिकाणे, आणि त्याही पलीकडे समाजाची मूल्ये, अशी एकात एक वर्तुळे असतात.

मी कोण?

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांना आपले जन्मदाते वडील कोण हे कधीच कळले नाही. ‘एरिक्सन’ हे आडनावही त्यांनी १९३९ साली अमेरिकन नागरिक होताना स्वतः निवडले. ‘अस्मितेचा पेच’ हा शब्दप्रयोग त्यांच्याच लेखणीतून रूढ झाला, हा योगायोग वाटत नाही. १९५० साली त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ अवस्था मांडल्या. प्रत्येकीत एक ओढाताण असते: बाळपणी विश्वास की अविश्वास, किशोरवयात अस्मिता की गोंधळ, मध्यवयात पुढच्या पिढीसाठी झटणे की साचून राहणे, शेवटी जगलेल्या आयुष्याशी समेट की हळहळ. प्रयोगाने तपासायला हा आराखडा अवघड आहे. पण प्रौढांनाही वाढ असते, हे बाल्टेस यांच्याही आधी ठामपणे सांगणारा तो होता.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विचाराच्या पायऱ्या शिक्षेच्या भीतीपासून तत्त्वनिष्ठेपर्यंत लावल्या. त्यांनी मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर केला होता. न्यायाइतकीच काळजी आणि जबाबदारी हीदेखील नीतीची भाषा आहे, हा कॅरल गिलिगन यांचा १९८२ मधला आक्षेप म्हणूनच वजनदार ठरला.

उतरण खरोखर किती?

वाढत्या वयात बुद्धी किती घसरते, याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून निघाले. आज पंचविशीतल्या आणि सत्तरीतल्या लोकांची एकाच वेळी तुलना केली, तर दरी मोठी दिसते. पण त्या दोन पिढ्यांचे शिक्षण, आहार, आरोग्य वेगळे असते. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिअॅटलमध्ये दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासले. बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून असल्याचे दिसले. झटपट काम उरकण्याचा वेग मात्र लवकर कमी होऊ लागतो. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी केलेला भेद इथे कामी येतो: अनोळखी कोडे सोडवणारी ‘प्रवाही’ बुद्धी आधी ओसरते, तर शब्द, माहिती, अनुभव यांतून साठलेली ‘संचित’ बुद्धी उतारवयातही बराच काळ वाढत राहते.

भावनांच्या बाबतीत तर चित्र उलटेच आहे. लॉरा कार्स्टेनसन यांच्या मते उरलेला काळ थोडा आहे हे जाणवले, की माणूस नव्या ओळखीपेक्षा जवळच्या माणसांना वेळ देतो. वृद्धांचा गोतावळा आक्रसतो, त्यामागे बऱ्याचदा ही निवड असते. आणि हे केवळ वयाचे लक्षण नाही. वेळ कमी उरल्याची जाणीव झालेले तरुणही असेच वागतात.

बाल्टेस यांनी म्हातारपणीच्या शहाणपणाला तीन क्रियांत मांडले: निवड, निवडलेल्याचा कसून सराव, आणि उणिवेची भरपाई. यासाठी ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला देत. ऐंशीच्या घरातही इतके चांगले कसे वाजवता, या प्रश्नावर रुबिनस्टाइन यांनी सांगितलेले असे: आता कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि द्रुत भाग यायच्या आधी मुद्दाम थोडा संथ होतो, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त भासतो.