डोक्यावरचं ओझं: आरसी क्रॉलर का कलंडतो?

दगडांवरून गोगलगाईच्या चालीने चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, म्हणजे आरसी क्रॉलर, तिरक्या उतारावर आडवी झाली की संशय आधी टायरांवर जातो. बऱ्याचदा दोष बॉडीचा असतो.

१/१० मापाची गाडी घेऊ. बॉडीविना वजन २५०० ग्रॅम, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० मिमी. वर सीट, रूफ रॅक, स्टेपनीसकट ९०० ग्रॅमची एबीएस या कडक प्लास्टिकची हार्ड बॉडी. तिचा गुरुत्वमध्य १७० मिमीवर. दोन्ही मिळून तो ९६ मिमीवर जातो. त्याऐवजी २५० ग्रॅमची लेक्सान या पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची बॉडी १६० मिमीवर धरली, तर ७८ मिमी. डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांतलं अंतर २०० मिमी असेल, तर कलंडण्याचा कोन ४६ अंशांवरून ५२ वर जातो. प्रत्यक्षात सस्पेन्शन उताराच्या बाजूला दबतं, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे कमीच भरतात.

जड बॉडी ठेवून खाली पितळी वजनं लावली तर? ॲक्सलच्या, म्हणजे ५५ मिमी उंचीवर वजन वाढवून ७८ मिमी गाठायला अडीच किलोंहून जास्त पितळ लागेल. म्हणजे जवळपास आणखी एक गाडीच! थोडं पितळ उपयोगी आहे, पण आधी बॉडी हलकी करा.

गंमत अशी, की लेक्सान म्हणजेच पॉलिकार्बोनेट हे एबीएसपेक्षा जड. घनता १.२, एबीएसची १.०५ च्या आसपास. पण ते चिवट असल्यामुळे एक मिमीच्या पत्र्यातही निभावतं. एबीएसला दोन-अडीच मिमी जाडी लागते.

रंग आतून द्यायचा, तोही पॉलिकार्बोनेटसाठीचाच. साधा स्प्रे पहिल्याच आपटीत पोपडे धरतो. आधी भांड्याच्या साबणाने आतली बाजू धुवा, बाहेरच्या बाजूची संरक्षक फिल्म रंग वाळेपर्यंत काढू नका. गडद रंग आधी, फिकट नंतर, सगळे पातळ हातांनी.

बॉडी बसवली की हमखास एक चूक होते. वरचं साडेसहाशे ग्रॅम उतरल्याने स्प्रिंगा सैल होतात, चासी वर उठते आणि मिळवलेले काही मिलिमीटर परत जातात. शॉकची कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी फिरती रिंग, चारही बाजूंना सारखी सोडा. कॉलर पूर्ण सोडूनही गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नसेल, तर मऊ स्प्रिंगा घाला. मग बॉडी पोस्ट, म्हणजे बॉडी ज्यांवर टेकते ते खांब, एकेक भोक खाली घ्या. दर वेळी एक चाक ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. टायर घासेल तिथे चाकाची कमान वक्र कात्रीने थोडी थोडी कापायची.

शेवटी फळीवर चाचणी. बॅटरी आणि बॉडीसकट गाडी आडवी उभी करा, खालच्या टायरांना घसरू नये म्हणून पट्टी ठोका आणि फळी हळूहळू उचला. वरचे टायर सुटतील तो कोन मोबाइलच्या लेव्हल ॲपवर पाहा. गाडी फिरवून दुसऱ्या बाजूनेही मोजा. दोन आकड्यांत फरक आला, तर जिकडे गाडी लवकर कलंडते त्याच्या उलट बाजूला बॅटरी सरकवा.